आडवा निजणारा गुलाब

मॉस्कोच्या आसपासच्या दाचांमध्ये, म्हणजे शहरी माणसांच्या उन्हाळी घरांमध्ये, फुलवेलींना मिळतात जेमतेम चार महिने. जूनच्या सुरुवातीलाही एखाद्या रात्री पानं गोठतात. जमीन बहुतेकांची सहा सोत्का, म्हणजे ६०० चौरस मीटर, जवळजवळ आपले सहा गुंठे. बटाटे, काकडी, सफरचंद यांची सोय लावली की फुलांच्या वाट्याला भिंत आणि कुंपण उरतं. म्हणून वेली.

हंगामी वेलींची गोष्ट सरळ आहे. गारवेल, स्वीट पी यांची रोपं वसंतात शहरातल्या फ्लॅटच्या खिडकीत वाढवायची आणि थंडी सरली की गावाकडे न्यायची. क्लेमॅटिसही फारसं छळत नाही. १८६० च्या दशकात इंग्लंडमध्ये तयार झालेली 'जॅकमनी' त्याच वर्षीच्या नव्या फुटीवर फुलते. हिवाळ्याआधी वेल बुंध्यापर्यंत छाटली, मुळांवर पालापाचोळा घातला की झालं.

खरा कस वेली गुलाबाचा. जर्मनीतल्या कॉर्डेस रोपवाटिकेच्या 'फ्लामेनटान्झ'सारखे लालभडक गुलाब गेल्या वर्षीच्या फांद्यांवर फुलतात. त्या फांद्या थंडीत मेल्या, तर झाड जगूनही फूल दिसत नाही. उणे २५ अंशांत त्या वाचवायच्या कशा? उपाय एकच, बर्फाखाली आडव्या निजवायच्या.

याची वाट एका जपानी गुलाबानं करून दिली. 'विचुराना' हा मुळातच जमिनीवर सरपटणारा, लवचीक फांद्यांचा. रशियाच्या अतिपूर्व किनाऱ्यावर आणि जपानात वाढणारा काटक 'रुगोसा' त्याच्याशी जुळून अमेरिकेत 'मॅक्स ग्राफ' झाला. तो जवळजवळ वांझ. पण जर्मनीत विल्हेल्म कॉर्डेस यांच्याकडे त्याच्या एका रोपाची गुणसूत्रं आपोआप दुप्पट झाली आणि ते फळलं. 'कॉर्डेसी' घराणं तिथून सुरू झालं. कॅनडात फेलिसितास स्वेडा यांनी त्यातूनच 'जॉन कॅबट' (१९७८) आणि 'विल्यम बॅफिन' (१९८३) घडवले. रशियातल्या थंडीत बॅफिन उघड्यावरही पुष्कळदा तग धरतो. म्हणून नवख्यानं सुरुवात त्याच्यापासूनच करावी, असं मला मनापासून वाटतं.

आपल्याकडे ऑक्टोबरात गुलाबाची छाटणी होते, तिकडे त्याच महिन्यात गुलाब निजवतात. फांद्या सोडवून पानं काढायची. गोठणबिंदूच्या वरचा दिवस पाहायचा, कारण थंडीत जून फांदी काडकन मोडते. एका दमात वाकवायची नाही. आज थोडी, दोन दिवसांनी आणखी थोडी. खाली स्प्रूस या सूचिपर्णी झाडाच्या फांद्या, वर कमानी, त्यांवर न विणलेलं पांढरं कापड. कापडाची टोकं मात्र कडाका स्थिरावेपर्यंत उघडी. थंडीपेक्षा कोंदट ओल फांद्या जास्त कुजवते, आणि लोक घाईनं झाकतात ते इथंच नडतं.

एप्रिलमध्ये झाकण ढगाळ दिवशी काढावं. मुळं गोठलेली असताना ऊन फांद्यांतलं पाणी ओढून घेतं. मग फांद्या जाळीवर उभ्या न बांधता पंख्यासारख्या पसरून आडव्या बांधाव्यात. उभ्या फांदीचा शेंडाच जोर खातो. आडवीच्या डोळ्याडोळ्याला फूट येते आणि प्रत्येक फुटीला झुपका.

हे सगळं लावतानाच ठरतं. रोप भिंतीपासून अर्धा मीटर लांब, निजवायच्या दिशेला तिरकं लावावं आणि त्या बाजूला दोन-अडीच मीटर जागा राखावी. तिथं बारमाही काही लावू नये. झेंडू लावावा, तो तर ऑक्टोबरात उपटायचाच असतो.