दारचा कुत्रा कोणाचा?

मनुष्यानें आजवर जे पशु माणसाळविले, त्यांत कुत्रा हा पहिला, असें शास्त्रज्ञ मानतात. शेतीचा शोध लागण्यापूर्वीं, गाय गोठ्यांत व घोडा पागेंत येण्यापूर्वीं, लांडग्याच्या कुळांतील हा प्राणी मनुष्याच्या शेकोटीशीं येऊन बसला होता. आपल्याकडे तर विद्यार्थ्याचीं जीं पांच लक्षणें सांगितलीं आहेत, त्यांत ‘श्वाननिद्रा’ हें एक आहे. म्हणजे सावध झोंपेचा धडा आम्ही विद्यार्थ्यांनीं कुत्र्यापासूनच घ्यावयाचा! एवढ्या जुन्या सोबत्याशीं आपण कसें वागतों, याचा थोडा विचार येथें करण्याचें योजिलें आहे.

आपल्या वाशीम जिल्ह्यांतील खेड्यांत कुत्र्यावांचून आळी क्वचितच आढळेल. वावरांत सोयाबीन, तूर किंवा हरभरा उभा असतां रोही व रानडुकरें यांपासून पीक राखण्यासाठीं शेतकरी रात्रीं जागलीस जातो, तेव्हां कुत्रा त्याच्यासोबत असतो. मेंढरांचा कळप कुत्र्याच्या भरंवशावर उघड्या माळावर रात्र काढतो. धर्मभावनेंतहि त्याला स्थान आहे. श्रीनृसिंहसरस्वतींचें जन्मस्थान म्हणून प्रसिद्ध असलेलें कारंजा हें गांव याच जिल्ह्यांत आहे. आणि श्रीदत्ताच्या तसबिरींत पायांशीं असलेले चार श्वान आपण घरोघर पाहतों. शेजारच्या हिंगोली जिल्ह्यांतील नर्सी हें ज्यांचें जन्मस्थान सांगतात, त्या नामदेवांनीं भाकर पळविणाऱ्या कुत्र्यामागें तुपाची वाटी घेऊन धांव घेतल्याची कथा कोणास ठाऊक नाहीं?

हा आदर व ही उपयुक्तता असूनहि एका साध्या प्रश्नाचें उत्तर गांवांत सहसा मिळत नाहीं. दारांत बसणारा हा कुत्रा कोणाचा? सकाळीं तो एका घरची शिळी भाकर खातो, दुपारीं दुसऱ्या घरच्या ओट्याशीं निजतो, रात्रीं साऱ्या आळीची राखण करितो. भाकर घालतांना तो सर्वांचा असतो. पण त्याला खरूज झाली, लस टोचून आणण्याची वेळ आली, किंवा त्यानें कोणाच्या पायाचा लचका तोडला, कीं तो कोणाचाच नसतो. ‘धोब्याचा कुत्रा ना घरचा ना घाटाचा’ ही म्हण आपण माणसांस लावितों. खरी अवस्था मात्र कुत्र्याचीच आहे. कुत्र्यांविषयींच्या बहुतेक तक्रारींचें मूळ ह्या अर्धवट पाळण्यांत आहे, असें आम्हांस वाटतें.

प्रथम त्याच्या स्वभावाकडे पाहूं. कुत्र्याला वाचा नसली तरी भाषा आहे. कान मागें टाकणें, अंग ताठ करणें, ओठ उचलून दांत दाखविणें, गुरगुरणें, ह्या सर्व ‘दूर राहा’ अशा सूचनाच होत. शेपूट हलविणें म्हणजे नेहमीं प्रेमच असें नाहीं; ताठ उभारलेलें शेपूट झपाट्यानें हलत असेल, तर कुत्रा क्षुब्धहि असूं शकतो. ‘भुंकणारा कुत्रा चावत नाहीं’ ही म्हण तर विसरलेलीच बरी. कारण भिऊन भुंकणारा कुत्रा कोंडींत सांपडला कीं चावतो. गुरगुरल्याबद्दल त्याला मारूं नये. मारानें त्याची भीति जात नाहीं, केवळ सूचना देण्याची संवय जाते. मग तो न गुरगुरतांच चावतो. कुत्रा खात असतां, निजला असतां, किंवा कुत्री पिलांपाशीं असतां मुलांनीं जवळ जाऊं नये. अनोळखी कुत्रा अंगावर आल्यास पळूं नये. हात खालीं सोडून, त्याच्या डोळ्यांत न पाहतां स्तब्ध उभें राहावें. पळणाऱ्याचा पाठलाग करणें हा त्याचा उपजत धर्म आहे.

पुष्कळ खोडी आपणच त्याला लावितों. पिलूं हातापायांना चावे घेतें तेव्हां आपण कौतुकानें हंसतों, आणि तोच कुत्रा मोठा होऊन तसें करूं लागला कीं काठी उचलितों. चावा घेतांच खेळ थांबवावा, म्हणजे पिलूं आपोआप शिकतें. किती जोरानें चावावें याचा पहिला धडा त्याला आई व भावंडें देतात. म्हणून आठ आठवड्यांचें होण्यापूर्वीं त्यास आईपासून तोडूं नये. घरांत एकानें त्याला खाटेवर बोलवावें व दुसऱ्यानें हाकलावें, अशानें त्याचा गोंधळ होतो. केलेल्या घाणीबद्दल तासाभरानें दिलेली शिक्षा त्याला कळत नाहीं. बाहेर जाऊन आल्याबरोबर दिलेला भाकरीचा तुकडा मात्र तत्काळ कळतो. आंखूड सांखळीला दिवसभर बांधलेला कुत्रा रात्रभर भुंकून शेजाऱ्यांची झोंप मोडतो. दोन वेळां फिरवून आणलेला कुत्रा बहुधा शांत असतो.

आतां देहाची निगा. कुत्र्याला आपल्यासारखा सर्वांगास घाम येत नाहीं; जीभ बाहेर काढून धापा टाकणें हाच त्याचा अंग निवविण्याचा मुख्य मार्ग होय. वऱ्हाडच्या उन्हाळ्यांत पारा चाळिसांच्या वर चढतो, तेव्हां टिनाच्या छपराखालीं बांधलेला कुत्रा उष्माघातानें दगावूं शकतो. सावली आणि भरलेलें पाण्याचें भांडें या दोन गोष्टींस पैसा लागत नाहीं. नुसत्या भाकरीवर त्याचें पोषण होत नाहीं. अंडीं, मांस अथवा शिजविलेली डाळ मिळावी. कांदा, लसूण, द्राक्षें, मनुका आणि चॉकलेट हीं त्यास घातक आहेत. शिजलेल्या कोंबडीचीं हाडें चिरफळून आंतड्यांस इजा करितात. गोचिडांपासून त्याला रक्ताचे रोग जडतात, म्हणून त्या वेळोवेळीं काढाव्या. त्याच्या पोटांतील जंतांचीं अंडीं मातींतून मुलांच्याहि पोटांत जातात. यास्तव जंतांचें औषध कुत्र्यास द्यावें आणि आपण हात धुवावे.

सर्वांत गंभीर गोष्ट पिसाळण्याची. हा रोग विषाणूमुळें होतो, उन्हामुळें किंवा उपासामुळें नव्हे. रोगी प्राण्याच्या लाळेंतून विषाणु जखमेंत शिरतो व मज्जातंतूंच्या वाटेनें मेंदूकडे सरकतो. एकदां लक्षणें दिसूं लागलीं कीं रोगी जवळजवळ कधींच वांचत नाहीं. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणें जगांत दरवर्षीं सुमारें ५९,००० माणसें ह्या रोगानें मरतात. मनुष्यांस होणारी ९९ टक्के लागण कुत्र्यांकडून होते, आणि दंश झालेल्यांत मुलांचा वाटा मोठा असतो. दुःखाची गोष्ट ही कीं, वेळीं उपाय झाल्यास हा मृत्यु टाळतां येतो. ६ जुलै १८८५ रोजीं पॅरिस येथें लुई पाश्चर यांनीं जोसेफ मायस्टर या नऊ वर्षांच्या मुलावर लशीचा उपचार सुरू करविला व तो मुलगा वांचला. आपल्या देशांत १९०० सालीं कसौली येथें पाश्चर संस्था स्थापन झाली. त्या काळच्या लशीच्या सुया पोटांत अनेक दिवस घ्याव्या लागत, आणि त्या धास्तीनें पुष्कळ मुलें दंश लपवीत. ती जुनी लस भारतांत २००५ सालापासून वापरांत नाहीं. हल्लींची लस दंडांत आणि थोड्याच खेपांत टोचतात.

म्हणून प्रत्येकानें हें मनावर कोरून ठेवावें: कुत्रा चावला किंवा त्याचें नख अथवा दांत लागून ओरखडा उठला, तर जखम तत्काळ वाहत्या पाण्याखालीं साबणानें पंधरा मिनिटें धुवावी, तिखट, चुना, हळद कांहींहि भरूं नये, त्याच दिवशीं दवाखान्यांत जावें आणि ठरलेल्या सर्व खेपा पुऱ्या कराव्या. रक्त आलें असल्यास डॉक्टर लशीखेरीज जखमेंतहि औषध टोचतात, तें चुकवूं नये. मंत्र-तंत्रांत गेलेला दिवस परत येत नाहीं. कुत्र्यास तीन महिन्यांचा होतांच लस टोचावी व पुढें डॉक्टर सांगतील त्या मुदतीनें ती पुन्हां द्यावी. एवढ्यानें धनी व शेजारी या दोघांचेंहि रक्षण होतें.

शेवटची अडचण पिलांची. कुत्री सुमारें ६३ दिवसांत विते, आणि वर्षांतून दोनदांहि विऊं शकते. नकोशीं पिलें पोत्यांत घालून बाजारांत किंवा माळावर सोडून देण्याची चाल निर्दयपणाची आहे, आणि अविचाराचीहि. त्यांतून जगलेलीं पुढें टोळीनें हिंडतात, गुरांवर व शेळ्यांवर पडतात, रानांत हरणांच्या पाडसांमागें लागतात. आणि आपल्या जिल्ह्यांत तर कारंजा-सोहोळचें काळवीट अभयारण्य आहे. निर्बीजीकरणाची लहानशी शस्त्रक्रिया हा यावरील सरळ उपाय होय. १९६० च्या प्राणिक्लेश प्रतिबंधक कायद्यानें पाळीव जनावरास अन्नपाण्यावांचून ठेवणें, फार आंखूड सांखळीनें दीर्घकाळ बांधणें आणि सबळ कारणावांचून सोडून देणें हे गुन्हे ठरविले आहेत. मोकाट कुत्र्यांचें निर्बीजीकरण व लसीकरण २०२३ च्या नियमांनीं स्थानिक संस्थांकडे सोंपविलें आहे. पण पाळलेल्या कुत्र्याची जबाबदारी धन्याचीच.

विद्यार्थी बंधुभगिनींनो, कुत्रा पाळणें म्हणजे दहा-बारा वर्षांचा करार करणें होय. त्यांत आपला पक्ष बोलतो, दुसरा पक्ष मुका आहे. म्हणूनच वचन पाळण्याचा भार आपल्यावर अधिक. ज्यांस हें झेपणार नाहीं त्यांनीं कुत्रा न पाळावा, त्यांत उणेपणा नाहीं. पण आपल्या आळींत जो कुत्रा सर्वांची भाकर खातो, त्याच्या लशीचा दिवस लक्षांत ठेवणारें निदान एक घर असावें. ‘हा कुत्रा कोणाचा?’ असें कोणी विचारिल्यास ‘आमचा’ म्हणून पुढें येणारें एक माणूस प्रत्येक आळींत निघालें, तर कुत्र्याचें व गांवाचें, दोघांचेंहि कल्याण होईल.