डोंगरातले सीताफळ, अंगणातला शरीफा

आपल्या घरांत ज्याला शरीफा म्हणतात, ते सीताफळ बालाघाटच्या डोंगरात कुणी लावलेले नसते. धारूरकडच्या खडकाळ उतारांवर त्याचे झुडूपच होते. बुडापासूनच अनेक फांद्या फुटतात, तोडले तरी पावसात पुन्हा धुमारे येतात. पाल्याला शेळ्याही तोंड लावत नाहीत. बीडच्या या फळाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले.

अंगणात मात्र तेच झाड रोजच्या पाण्याने नुसते पानांनी माजते आणि घरचे कुऱ्हाड शोधू लागतात. तोडू नका. फुले बहुतेक नव्या फुटीवर येतात, म्हणून हिवाळ्यात पाणी बंद करा आणि पानगळीनंतर हलकी छाटणी करा. फुलातला स्त्रीभाग आधी पक्व होतो, पराग नंतर. ही गाठ बारीक भुंगेरे घालून देतात, तेव्हा बहरात औषध फवारू नये.