हौशी निरीक्षकाची नोंद आणि 'धुक्यातील चंडोल'

वन्यजीवांचे निरीक्षण हे केवळ शास्त्रज्ञांचे काम होय, अशी समजूत पुष्कळदा आढळते. ती कितपत खरी आहे, हे उत्तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील एका उदाहरणावरून पाहू.

या किनाऱ्यालगत डग्लस फर, रेडवूड इत्यादी सूचिपर्णी वृक्षांची उत्तुंग अरण्ये आहेत. 'मार्बल्ड मरेलेट' नावाचा, कबुतराहून लहान असा एक पक्षी तेथील समुद्रात बुड्या मारून मासे पकडतो. १७८९ साली त्यास शास्त्रीय नाव मिळाले; परंतु अमेरिकेतील अरण्यात तो अंडी कोठे घालतो, हे कोडे पुढे १८५ वर्षे सुटले नाही. लाकूडतोडे मजूर मात्र पहाटेच्या धुक्यात त्याची साद ऐकत आणि त्यास 'धुक्यातील चंडोल' म्हणत. त्यांच्या कानांवर पडलेले कोणी पद्धतशीरपणे टिपून ठेवले नाही. १९७० साली एका पक्षिविषयक नियतकालिकाने घरटे शोधणाऱ्यास शंभर डॉलरांचे पारितोषिकही जाहीर केले.

अखेर ऑगस्ट १९७४ मध्ये कॅलिफोर्नियातील बिग बेसिन उद्यानात फांद्या छाटण्यासाठी डग्लस फरवर चढलेल्या एका कामगारास सुमारे ४५ मीटर उंचीवर या पक्ष्याचे पिल्लू दिसले. त्याने ही गोष्ट स्वतःपाशी न ठेवता कळविली, आणि कोडे सुटले.

हा पक्षी झाडावर घरटे बांधीतच नाही. जुन्या वृक्षाच्या रुंद, शेवाळलेल्या फांदीवरील खळग्यात तो एकच अंडे घालतो. अशी फांदी तयार होण्यास बहुधा शतके लागतात; आणि तोवर रेडवूडचे बहुतेक प्राचीन अरण्य तोडले गेले होते. १९९२ साली अमेरिकी सरकारने वॉशिंग्टन, ओरेगन व कॅलिफोर्निया या राज्यांपुरती ही जाती धोक्यात असल्याचे जाहीर केले. लाकूडतोड्यांच्या माहितीची वेळीच दखल घेतली गेली असती, तर काही वृक्ष वाचले असते, असे मानण्यास जागा आहे.

आज या पक्ष्याची पाहणी सूर्योदयापूर्वी पाऊण तास सुरू होते. निरीक्षक एका जागी स्तब्ध राहून प्रत्येक सादेची व उड्डाणाची वेळ लिहितो. बिग बेसिनमध्ये पर्यटकांना अन्नाचा कणही न सांडण्याची ताकीद असते. कारण त्या कणांमागे येणारे कावळ्याच्या कुळातील पक्षी मरेलेटची अंडी व पिल्ले खातात.

यावरून परिसर अभ्यासासाठी पुढील पथ्ये घेता येतील :

१. नोंदीत दिनांक, वेळ व स्थळ अवश्य असावे.
२. प्रत्यक्ष पाहिलेले आणि तर्काने ठरविलेले वेगवेगळे लिहावे.
३. ओळख पटली नाही, तर नाव न देता वर्णन करावे.
४. घरट्यास व पिल्लास हात लावू नये. खाद्य टाकू नये.
५. गुराखी, कोळी, शेतकरी यांनी दिलेली माहिती सांगणाऱ्याच्या शब्दांत उतरवावी.

शाळेत एक निरीक्षणवही ठेवावी आणि ती वर्षअखेर रद्दीत न घालता पुढील वर्गाच्या स्वाधीन करावी. आज क्षुल्लक वाटणाऱ्या ओळीचे मोल पुष्कळदा पुढील पिढीस कळते.