एका कानाने अचानक ऐकू येईनासे झाले तर?

सकाळी उठल्यावर मोबाईल नेहमीच्या कानाला लावला आणि समोरचा आवाज आलाच नाही. दुसऱ्या कानाला लावला तर नीट ऐकू आले. असे झाले की बहुतेकांना वाटते, सर्दीमुळे कानाला दडा बसला असेल किंवा मळ साचला असेल. अनेकदा कारण तेवढेच असते. पण कधी कधी आतल्या कानाला किंवा श्रवणाच्या नसेला इजा झालेली असते आणि अशा वेळी एकेक दिवस मोलाचा ठरतो.

हा आजार काय आहे?

72 तासांच्या आत श्रवणशक्ती 30 डेसिबल किंवा त्याहून अधिक कमी झाली, तर त्याला 'अचानक आलेला नसेचा बहिरेपणा' म्हणतात. तो बहुधा एकाच कानाला होतो. सोबत कानात गुंई आवाज, कान भरल्यासारखा वाटणे किंवा चक्कर असू शकते. कान दुखतोच असे नाही, म्हणूनच दुर्लक्ष होते.

जून 2024 मध्ये गायिका अलका याज्ञिक यांनी विषाणूसंसर्गानंतर आपल्याला नसेचा बहिरेपणा आल्याचे जाहीर केले. विमानातून उतरल्यावर अचानक ऐकू येईनासे झाले, असे त्यांनी सांगितले होते.

कारण कोणते?

बहुतेक रुग्णांत नेमके कारण सापडत नाही. विषाणूसंसर्ग किंवा आतल्या कानाचा रक्तपुरवठा खंडित होणे, ही शक्यता मानली जाते. थोड्या रुग्णांत श्रवणनसेवर गाठ आढळते, म्हणून एमआरआय सांगितला जातो.

घरी एक साधी चाचणी

तोंड मिटून 'हंऽऽ' असा आवाज काढा. तो बंद वाटणाऱ्या कानात मोठा ऐकू आला, तर मळ, पाणी किंवा पडद्याचा दोष असण्याची शक्यता जास्त. चांगल्या कानात मोठा आला, तर नसेचा दोष असू शकतो. ही फक्त खूण आहे; खात्री कानाची तपासणी आणि ऑडिओमेट्रीनेच होते.

उपचार

स्टिरॉइडच्या गोळ्या हा मुख्य उपचार आहे. त्या पहिल्या दोन आठवड्यांत, जितक्या लवकर तितक्या बऱ्या. गुण न आल्यास पडद्यातून कानात स्टिरॉइडचे इंजेक्शन देतात. मधुमेह, रक्तदाब किंवा अल्सर असेल तर डॉक्टरांना आधी सांगा. काहींची श्रवणशक्ती आपोआप सुधारते, पण कोणाची सुधारेल हे आधी कळत नाही. म्हणून वाट पाहू नका.

गावाकडे असाल तर

नंदुरबार जिल्ह्यातील कोरीटसारख्या गावात कानाचे डॉक्टर लगेच मिळत नाहीत. मग कानात कोमट तेल घालून आठवडी बाजाराच्या दिवसापर्यंत थांबले जाते. तसे करू नका. तेल, काडी, मेडिकलमधून स्वतः आणलेले थेंब, सगळे टाळा. नंदुरबारचे जिल्हा रुग्णालय आणि शासकीय वैद्यकीय महाविद्यालय किंवा धुळ्याचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय गाठा. 'कान बंद झाला' एवढेच न सांगता 'अमुक दिवशी अचानक ऐकू येईनासे झाले' असे सांगा.

तोंड वाकडे होणे, बोलताना अडखळणे, हातापायात अशक्तपणा, दुहेरी दिसणे किंवा तोल जाणे यांपैकी काही सोबत असेल, तर तो पक्षाघात असू शकतो. लगेच 108 वर फोन करा.

ऐकू परत आले नाही तर?

उपचारानंतर ऑडिओमेट्री पुन्हा करून घ्या. कमतरता राहिली तर श्रवणयंत्राचा उपयोग होतो. घरच्यांनी चांगल्या कानाच्या बाजूने बोलावे. रस्ता ओलांडताना विशेष जपावे, कारण एका कानाने आवाजाची दिशा कळत नाही.