सात माणसांची शकुंतला

मूर्तिजापूर जंक्शनला मुंबई–नागपूर गाड्यांच्या फलाटांपलीकडे अडीच फुटी रुळांचे वेगळेच यार्ड आहे. इथून ‘शकुंतला’ या छोट्या रेल्वेचा एक फाटा दर्यापूर-अंजनगावमार्गे अचलपूरला जायचा, दुसरा कारंजा-दारव्ह्यावरून यवतमाळला. मिळून सुमारे १९० किलोमीटर. किलिक निक्सन कंपनीने शंभर वर्षांपूर्वी ही लाइन टाकली ती वऱ्हाडी कापसासाठी. कापूस मूर्तिजापूरला, तिथून मुंबईला आणि पुढे बोटीने मँचेस्टरला. गाडीचे वाफेचे इंजिनही १९२१ साली मँचेस्टरलाच घडलेले. १९९४ साली डिझेल येईपर्यंत ते राबले.

इंजिनाच्या आठवणी सगळेच काढतात. मला गार्डाचे अप्रूप जास्त. मधल्या कित्येक स्टेशनांवर मास्तर नाही, तिकीटबाबू नाही. गाडी थांबली की गार्डच उतरायचा आणि तिकिटे फाडायचा, मग शिट्टी. सिग्नल बघणे, इंजिन सोडणे-जोडणे, सगळे मिळून सात माणसे करत. म्हणजे या ओस इमारतींना स्टेशनपण यायचे ते गाडीतूनच. गाडी गेली की उरायच्या भिंती. वेग एवढा कमी की घाई असलेला माणूस एसटीच धरी. पण शकुंतलेचे तिकीट एसटीच्या मानाने फारच स्वस्त, म्हणून मजूर आणि भाजीवाल्या बाया तिलाच धरून राहिल्या.

रेल्वेच्या राष्ट्रीयीकरणातून ही लाइन सुटली. मालकी कंपनीची, गाडी चालवणार सरकार, आणि दर काही वर्षांनी करार वाढवायचा. ‘आजही इंग्रजांची रेल्वे’ ही बातमी चवीने छापली जाते, पण किलिक निक्सन कधीच भारतीयांच्या हाती आली आहे. खरी अडचण वेगळी: दुसऱ्याच्या मालकीच्या रुळांवर सरकार पैसा घालेना आणि कंपनीला घालण्यात फायदा दिसेना. रूळ, पूल झिजत गेले, तसा वेग आणखी उतरला. गेल्या दशकात आधी यवतमाळची गाडी थांबली, नंतर अचलपूरची. २०१६ साली रुंदीकरणाची घोषणा झाली, दीड हजार कोटींचा आकडाही सांगितला गेला. घोषणा झाली, गाडी मात्र आली नाही.

दरम्यान वर्धा–यवतमाळ–नांदेड या नव्या ब्रॉडगेजचा वर्धा ते कळंब टप्पा फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाला. यवतमाळकडे रेल्वे येते आहे, पण वर्ध्याच्या बाजूने. दारव्हा, कारंजा, दर्यापूर, अंजनगावच्या लोकांनी आपल्या आमदार-खासदारांना एवढेच विचारावे: रुंदीकरणाचे काम कोणत्या वर्षी सुरू होणार? आणि उत्तर लेखी घ्यावे.