फ्रेंच कांदा सूप

फ्रेंच कांदा सूप हे लोण्यात मंद आचेवर तांबूस होईपर्यंत परतलेला कांदा, मांसाचा किंवा भाज्यांचा स्टॉक, शिळा पाव आणि चीज यांपासून तयार होणारे फ्रान्समधील सूप आहे. मुळात हे काटकसरीचे, कष्टकऱ्यांचे अन्न. आज मोठ्या उपाहारगृहांत ते महाग मिळत असले, तरी घरी करण्यास स्वस्त आहे. त्याला पैसा थोडा आणि वेळ मात्र बराच लागतो.

इतिहास

कांद्याचे सूप युरोपात फार जुने आहे. पदच्युत पोलिश राजा स्तानिस्लास याने ते एका खाणावळीत चाखले व तेथून ते व्हर्सायच्या दरबारी नेले, ही कथा आख्यायिका म्हणूनच वाचावी. आजचे चीज घालून भाजलेले रूप मुख्यतः पॅरिसच्या ‘ले आल’ या घाऊक बाजाराशी जोडले जाते. तेथील हमाल, विक्रेते आणि रात्री उशिरा परतणारी मंडळी पहाटे हे सूप पीत. तो बाजार 1969 मध्ये शहराबाहेर रँजिस येथे हलवण्यात आला. सूप मात्र जुन्या पेठेतील भोजनालयांत टिकून राहिले.

कांद्याची निवड

पनवेलहून पेणमार्गे अलिबागकडे जाताना वडखळ-पोयनाड परिसरात उन्हाळ्यात रस्त्याच्या कडेला पांढऱ्या कांद्याच्या माळा टांगलेल्या दिसतात. भातकापणीनंतर घेतल्या जाणाऱ्या या कांद्याला 2022 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. तो गोड असल्यामुळे सूपासाठी तोच उत्तम, असा समज होणे स्वाभाविक आहे. पण तो बरोबर नाही. सौम्य कांदा गोड लागतो तो मुख्यतः त्यातील गंधकयुक्त तिखट द्रव्ये कमी असल्यामुळे. त्यात साखर जास्त असतेच असे नाही. कांदाचाळीत साठवलेल्या नाशिककडील उन्हाळी लाल कांद्यात पाण्याचा अंश तुलनेने कमी असतो. शिजताना त्याचा तिखटपणा जातो आणि मागे गोडी उरते. म्हणून माळेतला महाग पांढरा कांदा कोशिंबिरीसाठी राखावा आणि सूपाला बाजारातला साधा लाल कांदा वापरावा. मोड आलेला कांदाही, मोड काढून, चालतो.

कृती

चार माणसांसाठी पाऊण किलो कांदा उभा, पातळ चिरावा. जाड बुडाच्या पातेल्यात तीन मोठे चमचे लोणी व थोडे तेल तापवून त्यात कांदा आणि अर्धा चमचा मीठ घालावे. पहिली दहा मिनिटे झाकण ठेवावे, म्हणजे कांदा मऊ होऊन पाणी सोडतो. मग झाकण काढून मंद आचेवर पाऊण ते एक तास, अधूनमधून ढवळत, परतत राहावे. अनेक पाककृतींत हा वेळ दहा-पंधरा मिनिटे सांगितलेला असतो. तेवढ्यात कांदा फार तर पारदर्शक होतो.

वेळ लागण्याचे कारण सोपे आहे. कांद्यात पंच्याऐंशी टक्क्यांहून अधिक पाणी असते. ते आटेपर्यंत पातेल्यातील तापमान 100 अंश सेल्सिअसच्या फारसे वर जात नाही. पाणी सरल्यावर कांद्यातील शर्करा व अमिनो आम्ले यांची अभिक्रिया वेगाने होऊन तांबूस रंग व खमंग वास येतो. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लुई कामीय मायार यांनी 1912 मध्ये तिचे वर्णन केले. आपल्या कांदा-खोबऱ्याच्या वाटणाचा खमंगपणा बराचसा याच अभिक्रियेचा असतो. आच वाढवून घाई केली, तर कडा जळतात, आतला कांदा कच्चा राहतो आणि सूप कडवट होते. खायचा सोडा घातल्यास रंग लवकर येतो, पण कांद्याचा लगदा होतो.

बुडाला तपकिरी थर धरू लागला की चमचाभर पाणी शिंपडून तो खरवडून कांद्यात मिसळावा. सूपाची बरीचशी चव त्या थरातच असते. कांदा मधासारखा तांबूस आणि मूळ मापाच्या तिसऱ्या हिश्श्याहून कमी झाला, की एक मोठा चमचा मैदा किंवा कणीक घालून दोन मिनिटे परतावे. त्यावर सव्वा लिटर गरम स्टॉक, एक तमालपत्र व मिरपूड घालून वीस-पंचवीस मिनिटे उकळू द्यावे.

फ्रान्समध्ये बहुधा गोमांसाचा स्टॉक व पांढरी वाइन वापरतात. त्याऐवजी कोंबडीच्या हाडांचा, किंवा गाजर, कोथिंबिरीच्या काड्या, टोमॅटो आणि थोडी अळिंबी अर्धा तास उकळून गाळलेला स्टॉक घ्यावा. वाइनच्या आंबटपणासाठी शेवटी चमचाभर व्हिनेगर पुरते.

पाव आणि चीज

मूळ पद्धतीत वाडग्यात सूप ओतून वर पाव व ग्रुयेर चीज ठेवून ते भट्टीत भाजतात. भट्टी नसल्यास आदल्या दिवशीचा बेकरीतला पाव आडवा कापून तव्यावर कडक भाजावा, त्यावर किसलेले चीज घालून झाकण ठेवावे आणि चीज वितळले की तो सूपावर सोडावा. ताजा पाव लगेच विरघळतो. येथे शिळेपण हाच गुण आहे. प्रक्रिया केलेले डबाबंद चीज छान वितळते, पण त्याची तार सुटत नाही, आणि ते खारट असल्याने सूपातील मीठ बेतानेच घालावे.

हे सूप पावसाळ्यात विशेष रुचते. चातुर्मासात कांदा वर्ज्य करणाऱ्या घरांत आषाढ शुद्ध नवमीला, म्हणजे कांदेनवमीला, भजी व थालीपिठांबरोबर तेही करता येईल. परतलेला कांदा शीतपेटीत तीन-चार दिवस टिकतो. तो आधीच करून ठेवल्यास आयत्या वेळी अर्ध्या तासात सूप होते.