कुत्र्याचा लाल डोळा थांबत नाही

खानदेशच्या उन्हात डोळे लाल होणं नवं नाही. म्हणूनच जळगाव-धुळ्यात बीगल किंवा कॉकर स्पॅनियलचा डोळा लालबुंद, निळसर झाला की ‘ऊन बाधलं’, फार तर ‘मोतीबिंदू असेल’ म्हणून चार दिवस जातात. काचबिंदूत, म्हणजे डोळ्यातला दाब वाढण्याच्या आजारात, तेच महागात पडतात.

डोळ्याच्या आत सतत पाणी तयार होतं आणि समोरची पारदर्शक काच व रंगीत पडदा जिथे मिळतात, त्या कोपऱ्यातल्या जाळीतून झिरपून रक्तात जातं. निरोगी कुत्र्यात डोळ्याचा दाब साधारण १० ते २५ मिलिमीटर पारा असतो. वाट तुंबली की तो पन्नाशीही ओलांडतो आणि दृष्टीची नस एक-दोन दिवसांत कायमची निकामी होऊ शकते.

ही जाळी पाहायला अतिसूक्ष्म सोनोग्राफी लागते. पोटाच्या तपासणीपेक्षा कितीतरी उच्च, ३५ ते ५० मेगाहर्ट्झच्या ध्वनिलहरी जेमतेम काही मिलिमीटर आत शिरतात. पण काच ढगाळली असली तरी कोपरा उघडा आहे की मिटलेला, हे स्पष्ट दाखवतात.

अशी यंत्रं मोजकीच. तज्ज्ञ तपासणीसाठी मुंबईत परळचं पशुवैद्यक महाविद्यालय गाठायचं तर ते धुळ्याहून सव्वातीनशे किलोमीटरवर. दाब मोजणारं टोनोमीटर मात्र हातात मावतं. रिबाउंड प्रकारात बारीक सळई डोळ्याला क्षणभर टेकून परतते, भुलीचे थेंबही लागत नाहीत. प्रत्येक जिल्हा पशुचिकित्सालयात ते हवंच.

गळपट्ट्याला ओढ बसली की डोळ्याचा दाब वाढतो, हे मोजून सिद्ध झालंय. छातीचा पट्टा वापरा. डोळा लाल, धुरकट दिसला तर घरातले थेंब न घालता त्याच दिवशी पशुवैद्यकाकडे न्या.